हिंगोलीचा काळोख

आमच्या टीममधला एक जण डेन्व्हरची ऑनसाइट संपवून परत आला, तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर दीडेकशे फोटो होते आणि सगळे एकाच जागेचे. कोलोरॅडोतलं ग्रेट सँड ड्यून्स नॅशनल पार्क. दोनशे मीटरहून उंच वाळूच्या टेकड्या, त्यांच्या धारेवरून चालणारी मुंगीएवढी माणसं, आणि रात्रीचे फोटो तर विचारूच नका. 2019 पासून या पार्कला 'डार्क स्काय पार्क' असा दर्जा आहे. म्हणजे तिथला काळोख नियम लावून राखलेला आहे आणि लोक गाड्या काढून तो बघायला जातात.

मग चहाच्या टपरीवर चर्चा सुरू झाली की आपल्याकडे असं काय आहे. राजस्थान झालं, लडाखमधलं हान्ले झालं, नागपूरजवळचं पेंच झालं (2024 च्या जानेवारीत पेंच हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावीही नसतं). मी म्हटलं, हिंगोली. सगळे हसले.

हसणं साहजिक आहे. हिंगोलीत वाळू दिसते ती नदीपात्रात आणि रात्री भरधाव जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये. पण डोंगर चढणं आणि तारे बघणं या दोन गोष्टींसाठी वाळू लागतेच असं कुठंय? मी फेब्रुवारीअखेरीला अमावास्येचा शनिवार गाठून तिकडे जाऊन आलो. आणि जाण्याआधी-नंतर जे काही वाचलं त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, ती या लेखात मांडायची आहे. हिंगोलीचा काळोख आणि तिथली शांतता निसर्गाने दिलेली नाही, ती इतिहासाने तयार केलेली आहे. आणि या काळोखातून आकाश मोजणारी माणसं आजची नाहीत, पाचशे वर्षांची आहेत.

आधी जागा सांगतो. हिंगोली जिल्हा म्हणून जन्मला 1 मे 1999 ला, त्याआधी परभणीचा भाग. परभणीहून साधारण 50 किलोमीटरवर औंढा नागनाथ. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक (द्वारकेजवळच्या नागेश्वराशी मानाचा जुना वाद आहे, त्यात मी पडत नाही). खालचं दगडी काम यादवांच्या काळातलं, वरचा चुन्या-विटांचा भाग नंतरच्या जीर्णोद्धारातला. नामदेवांसाठी देऊळ फिरलं अशी कथा याच देवळाची, आणि विसोबा खेचरांची आणि नामदेवांची भेटही इथलीच सांगतात. नामदेवांचं नरसीही याच जिल्ह्यात. देवळात दुपारी भरपूर गर्दी होती. दर्शन घेऊन आम्ही निघालो, कारण आमचं काम संध्याकाळनंतरचं होतं.

मित्राच्या मामांचं गाव तिथून दहाएक किलोमीटरवर. मामा हळदीच्या कामात होते. या दिवसांत हळद काढणं, शिजवणं आणि वाळवणं सगळं एकदमच चालू असतं, आख्ख्या शिवारात तो ओलसर तिखट वास. आम्ही दुर्बिणीचा स्टँड, चटया, थर्मास असा संसार गाडीतून उतरवला तर मामा म्हणाले, "अंधार बघायला पुण्याहून कामून आलाव? लाइट गेली की आमच्याकडं रोजचाच हाय की."

टेकडी फार अवघड नाही. तासाभराची चढण, पळसाला नुकतीच फुलं आलेली, साग पूर्ण निष्पर्ण, पायाखाली वाळलेल्या पानांचा एवढा आवाज की दबकत चालणं अशक्य. माथा सपाट. सूर्य मावळल्यावर साधारण सव्वा तासाने खरा अंधार झाला. पूर्वेला दूर एक गाव, दक्षिणेला क्षितिजाशी पिवळट पट्टा (तो नांदेडचा असावा), बाकी काही नाही. मृग नक्षत्र आणि व्याध तर पुण्यातूनही दिसतात. पण व्याधाच्या खाली, दक्षिणेला, अगस्ती असा स्वच्छ आणि स्थिर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. हिंगोलीतून तो क्षितिजापासून सतराएक अंश वर येतो. कोलोरॅडोच्या त्या पार्कमधून मात्र तो क्षितिजाला टेकतो न टेकतो. ही माहिती मी लगेच ग्रुपवर टाकली, हे सांगायला नकोच :)

उत्तरेला ध्रुव. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत बरोबर दोन मुठी भरल्या. ध्रुव जेवढ्या अंशावर, तेवढा त्या जागेचा अक्षांश, त्यामुळे वीस अंशाला किंचित कमी. मोबाइलच्या जीपीएसने 19.5 च्या आसपासच काहीतरी दाखवलं. शाळेत हे वाचलेलं असतं, पण स्वतःच्या मुठीने जमिनीचा पत्ता काढण्यात वेगळीच मजा आहे.

आणि हीच मजा इथून जवळच एका माणसाने 1503 साली ग्रंथात बांधून ठेवली आहे.

त्याचं नाव ज्ञानराज. गाव पार्थपूर, गोदावरीच्या उत्तरेला. म्हणजे आजची परभणी जिल्ह्यातली पाथरी, औंढ्यापासून शंभरेक किलोमीटरच्या आत. पाथरी म्हटलं की आता लोकांना साईबाबांच्या जन्मस्थानाचा वादच आठवतो, ज्ञानराज कुणाला आठवत नाही. त्याने 'सिद्धान्तसुन्दर' नावाचा खगोलाचा पूर्ण ग्रंथ लिहिला. ग्रहांची गणितं, ग्रहणं, आकाश मोजायच्या यंत्रांवर एक प्रकरण, आणि मध्येच ऋतुवर्णनाची कविता! सिद्धान्त ग्रंथांची मोठी परंपरा भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'शी (1150) थांबल्यासारखी झाली होती. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी हा माणूस परभणीकडच्या एका गावात बसून ती परत उचलतो. त्याच्यापुढचा मोठा प्रश्न असा होता की पुराणं म्हणतात पृथ्वी सपाट, गणित म्हणतं गोल, आता दोघांचा मेळ कसा घालायचा. तो गोलाचं गणित सोडत नाही आणि पुराणं खोटी असंही म्हणत नाही. मधला रस्ता काढायची त्याची धडपड बघून मला आमच्या मीटिंगा आठवल्या, जिथे क्लायंटही दुखवायचा नसतो आणि कोडही चुकवायचं नसतं.

त्याचा मुलगा सूर्यदास तर आणखी भारी. भास्कराचार्यांच्या लीलावतीवर आणि बीजगणितावर त्याने टीका लिहिल्या, त्या सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात. आणि गणितातून वेळ मिळाला तेव्हा एक छोटं संस्कृत काव्य लिहिलं, 'रामकृष्णविलोमकाव्य'. सरळ वाचलं तर रामाची गोष्ट, तीच अक्षरं उलटी वाचली तर कृष्णाची. इंटरव्ह्यूमध्ये पॅलिन्ड्रोम ओळखणारं फंक्शन लिहायला सांगतात तेव्हा घाम फुटणाऱ्या आपल्या जमातीने या माणसाला निदान एकदा तरी नमस्कार करायला हवा. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त ज्ञानराजाची आणि त्याच्या घराण्याची मराठीत नोंद घेतलेली आहे. म्हणजे माहिती लपलेली नव्हती. आपण बघितली नाही, एवढंच.

पुढची तीनशे वर्षं मी भरभर ओलांडतो. निजामशाही, आदिलशाही, मोगल, मग हैदराबादचा निजाम. हिंगोली निजामाच्या राज्यात गेली आणि 1948 पर्यंत तिथेच राहिली. एकोणिसाव्या शतकात तिथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, म्हणजे निजामाच्या पैशाची आणि इंग्रज अधिकाऱ्यांची फौज. या काळात इथला काळोख म्हणजे भीती. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला अधिकारी, 1839 मध्ये त्याची ठगावरची गाजलेली कादंबरी आली, तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीचा किस्सा आहे. छावणीच्या बाजारातला प्रतिष्ठित व्यापारी हरीसिंग, ज्याच्याशी खुद्द टेलरचाही व्यवहार झालेला, तो त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला. बाजारातल्या ज्या दुकानात साहेब लोक निर्धास्त जात होते, त्याचा मालकच! त्या काळात कुणी रात्री टेकडीवर चटई टाकून तारे बघायला जात असेल असं वाटत नाही.

तरीही त्याच काळात काही लोक इथल्या टेकड्यांवर चढत होते. दगडांचे बुरूज रचत होते आणि दुर्बिणी लावत होते. ग्रेट आर्क. कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंत साधारण 78 अंश रेखांशाच्या आसपास, सुमारे 2400 किलोमीटर लांबीची रेघ त्रिकोण जोडत जोडत मोजायची, आणि त्यावरून पृथ्वीचा नेमका आकार काढायचा. विल्यम लॅम्टनने 1802 मध्ये मद्रासला काम सुरू केलं. त्याचा मुख्य थिओडोलाइट जवळजवळ अर्ध्या टनाचा होता, तो माणसांनी उचलून डोंगरावर न्यायचा. बीदरकडून वऱ्हाडाकडे जाणारा या रेघेचा पट्टा हिंगोलीच्या पूर्व अंगाने गेला. लॅम्टन 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटला वारला, कामावर असतानाच. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते चालवलं. एव्हरेस्ट म्हणजे तोच, ज्याचं नाव त्याने स्वतः न पाहिलेल्या शिखराला दिलं गेलं.

आता इथे जरा थांबा, कारण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट पुढे आहे.

जमिनीवर त्रिकोणांनी मोजलेलं अंतर बरोबर आहे का, हे तपासायला आकाश लागतं. रेघेच्या दोन टोकांवर दोन ठिकाणं घ्यायची, दोन्हीकडून तेच तारे मोजायचे, उंचीतला फरक म्हणजे अक्षांशातला फरक. मी मुठीने केलं तेच, फक्त विकलेच्या अचूकतेने. 1840-41 च्या हिवाळ्यात एव्हरेस्ट सिरोंजजवळच्या कल्याणपूरला बसला आणि त्याचा सहकारी अँड्र्यू वॉ बीदरजवळच्या दामरगिद्द्याला. दोघांकडे सारखी यंत्रं, मधे सहाशेहून जास्त किलोमीटर. दोघांनी एकाच काळात, ठरवून, तेच तारे मोजले. का? ताऱ्याच्या पंचांगातल्या स्थितीत चूक असली तर ती दोन्हीकडे सारखीच येईल आणि वजाबाकीत उडून जाईल. आजच्या भाषेत सांगायचं तर कॉमन-मोड एरर काढून टाकणं. हिंगोलीचा अक्षांश या दोन ठिकाणांच्या मधोमध नाही, पण मधे नक्की येतो. त्या हिवाळ्यात या दोन दुर्बिणींच्या मधल्या काळोखात हा सगळा मुलूख झोपलेला होता.

याच पद्धतीने आदल्या वर्षी कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कलियाना यांच्यात मोजणी झाली होती. तिथे जमिनीवरचं उत्तर आणि आकाशातलं उत्तर जुळेना. फरक सव्वापाच विकलांच्या आसपास. दुसऱ्या कुणी 'चालतंय' म्हणून बग क्लोज केला असता. एव्हरेस्टने तो फरक सगळ्या साखळीत वाटून टाकला. पण कलकत्त्याचा जॉन प्रॅट नावाचा एक आर्चडीकन, म्हणजे चर्चचा अधिकारी, 1855 मध्ये म्हणाला की ओळंबा हिमालयाच्या ओढीने किंचित कलतो आहे. त्याने आकडेमोड केली तर निघालं की हिमालयाएवढ्या डोंगराने ओळंबा याहून बराच जास्त कलायला हवा होता! मग तो कमी का कलतो? तिथून कल्पना आली की डोंगरांच्या खाली हलक्या खडकाची मुळं असतात, म्हणजे डोंगर हिमनगासारखे तरंगतात. भूगर्भशास्त्रातली एवढी मोठी गोष्ट भारतातल्या टेकड्यांवर केलेल्या तारे मोजणीतल्या चुकीतून बाहेर आली. गुरुत्वाकर्षण इतकं सूक्ष्म मोजायचा हा या पट्ट्यातला पहिला मोठा प्रयोग, आणि तो ठरवून केलेला नव्हता.

निजामाच्या राजधानीतही आकाश मोजलं गेलं, पण ते पुढच्या शतकात. नवाब जफर जंग नावाच्या हैदराबादी सरदाराने इंग्लंडहून 15 इंची दुर्बीण आणवली आणि 1901 मध्ये वेधशाळा उभारली. 1907 मध्ये तो वारला, 1908 पासून निजाम सरकारने ती चालवायला घेतली. निजामिया वेधशाळा. 1887 मध्ये पॅरिसला जगभरच्या वेधशाळांनी ठरवलं होतं की आकाशाचे पट्टे वाटून घ्यायचे, प्रत्येकाने आपल्या पट्ट्याचे फोटो काढून तारे मोजायचे. भारतातून या कामात एकटी निजामिया होती. तिच्याकडे आधी दक्षिण क्रांती 17 ते 23 अंशांचा पट्टा आला (दुसऱ्या एका वेधशाळेने सोडलेला, कामं अशीच येतात आपल्याकडे), मग उत्तर 36 ते 39. साडेसात लाखांहून जास्त तारे काचेच्या प्लेटांवर मोजून 12 खंडांत छापले, 1917 ते 1946. मधे पहिल्या महायुद्धाचा शेवट, दुसरं महायुद्ध, दुष्काळ, सगळं येऊन गेलं. 1918 पासून टी. पी. भास्करन हे पहिले भारतीय संचालक.

हे पट्टे नकाशावर बघण्याऐवजी मी टेकडीवरून बघायचं ठरवलं होतं. पहाटे पाचला उठलो. दक्षिणेला वृश्चिक पूर्ण वर आलेला. अनुराधा नक्षत्राच्या तीन ताऱ्यांपैकी वरचे दोन निजामियाच्या दक्षिण पट्ट्यात बसतात. ईशान्येला अभिजित, तो उत्तर पट्ट्यात, अगदी वरच्या कडेला. थंडीने बोटं वाकत नव्हती. मी आणि मित्र तिथे उभे राहून हाताने आडव्या रेघा काढत होतो, की इथून इथपर्यंत आपलं.

आपलं म्हणायला हरकत नाही. त्या प्लेटांचा खर्च ज्या खजिन्यातून झाला त्यात हिंगोलीच्या ज्वारी-कापसावरचा साराही जात होता. आणि ते काम वाया गेलेलं नाही. 2000 साली 'टायको-2' नावाचा पंचवीस लाख ताऱ्यांचा कॅटलॉग आला, त्यात उपग्रहाच्या मोजणीशी या शंभर वर्षांपूर्वीच्या प्लेटांची तुलना करूनच तारे किती सरकले ते काढलं आहे. जुना डेटा डिलीट करायचा नसतो, हे मला आता मॅनेजरला सांगायला आणखी एक उदाहरण मिळालं.

मग मुद्द्याची गोष्ट. इतकं सगळं होऊनही हा भाग इतका अंधारा आणि शांत कसा राहिला?

उत्तर काही रोमँटिक नाही. रेल्वेची मुख्य लाइन बाजूने गेली, हिंगोलीला पूर्णेहून नुसता मीटरगेजचा फाटा आला. तो अकोल्याला जोडला जायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं, आणि ब्रॉडगेज व्हायला 2008. 1903 मध्ये कंटिन्जंट बंद झाली, तसं छावणीचं महत्त्व गेलं. 1948 नंतर हैदराबाद राज्य, 1956 मध्ये मुंबई, 1960 मध्ये महाराष्ट्र, दर वेळी राजधानी वेगळी आणि हिंगोली त्या प्रत्येक राजधानीपासून लांबच. 1984 च्या दांडेकर समितीच्या अहवालात 'अनुशेष' हा शब्द मराठवाड्याच्या कपाळावर बसला तो बसलाच. कारखाने कमी, हायवे उशिरा, विमानतळ नाही. तरुण पोरं पुण्याला. माझ्या टीममध्येच मराठवाड्यातली चार जण आहेत. म्हणजे आपण ज्याला काळोख म्हणून आनंदाने बघतो तो एका अर्थी न झालेल्या विकासाचा नकाशा आहे. उपग्रहातून रात्रीच्या भारताचा फोटो काढला की पुणे-मुंबई झळाळतात, हा पट्टा काळा दिसतो. पर्यटकाला तो काळा भाग आवडतो. तिथे राहणाऱ्याला दवाखाना शोधत त्यातूनच रात्री जावं लागतं.

आणि नेमका हाच अनुशेष आता पात्रता ठरला आहे! औंढ्याजवळ दुधाळा गावाच्या परिसरात लायगो-इंडिया येतंय. गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब, आत निर्वात नळी आणि लेझर. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाश किंचित ताणलं जातं, त्या भुजांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी बदलते, आणि ते मोजायचं. ही असली लहर पहिल्यांदा 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पकडली. 11 फेब्रुवारी 2016 ला जाहीर झालं आणि सहा दिवसांत, 17 फेब्रुवारीला, आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली. मग सात वर्षं. अंतिम मंजुरी एप्रिल 2023, सुमारे 2600 कोटी रुपये. 11 मे 2023 ला पायाभरणी झाली. उद्दिष्ट 2030 चं आहे. पुण्याची आयुका, इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा मिळून हे करतायत. यातला एक डिटेक्टर आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केला होता, त्यांनी 2011 मध्ये नको म्हटलं, मग आपला नंबर लागला. निजामियाच्या पट्ट्यासारखंच!

लायगोला अंधार लागत नाही, ते दिवसाही चालतं. त्याला लागते शांतता. देशभरातल्या जागा तपासताना समुद्रापासून दूर (लाटांचा थरथराट जमिनीतून शेकडो किलोमीटर जातो), रेल्वे-हायवे-कारखान्यांपासून दूर, सपाट आणि पक्का खडक, अशा अटी होत्या. बेसॉल्टच्या पठारावरची, इतिहासाने बाजूला ठेवलेली हिंगोली त्यात बसली. गंमत म्हणजे वॉशिंग्टन राज्यातला हॅनफर्डचा लायगो निमवाळवंटी झुडपांच्या माळावर आहे. तिथे वाऱ्याने घरंगळत येणारी काटेरी झुडपं भुजांपाशी ढिगाने साचतात, आणि एकदा डेटामधला गूढ आवाज शोधत गेले तर थंड नळीवरचं बर्फ टोचणारे डोमकावळे सापडले.

आणि ग्रेट आर्कची आठवण इथे परत येते. 4 किलोमीटरमध्ये पृथ्वी सव्वा मीटर वाकते, लेझर मात्र सरळ जातो. म्हणजे भुजा बांधताना पृथ्वीचा गोलावा हिशेबात घ्यावाच लागतो. आणि जगात एकापेक्षा जास्त डिटेक्टर का लागतात, तर वॉ आणि एव्हरेस्टला लागले त्याच कारणाने. एकाला दिसलं ते दुसऱ्यालाही दिसलं तरच खरं, आणि मिलिसेकंदांच्या फरकावरून दिशा कळते. बाकीचे डिटेक्टर अमेरिका, इटली आणि जपानमध्ये आहेत. हिंगोलीसारखा दूरचा चौथा कोपरा मिळाला की आकाशातली जागा फार नेमकी सांगता येईल.

मग भूकंपांचं काय? हा प्रश्न मला परभणीच्या रिक्षावाल्यानेही विचारला. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात जमिनीतून आवाज येतात, हे गेली काही वर्षं पेपरात येतंय. 21 मार्च 2024 च्या सकाळी दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने 4.5 आणि 3.6 चे दोन धक्के बसले, 10 जुलै 2024 ला पुन्हा 4.5 चा. केंद्र हिंगोली जिल्ह्यातच. आपल्या भाषेत सांगायचं तर नॉइज फ्लोअर वेगळा आणि आउटेज वेगळा. जमीन वर्षातले 360 दिवस शांत असेल आणि कधीतरी हादरत असेल, तर लायगो तेवढा वेळ बंद पडून परत सुरू होतो. जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठा भूकंप झाला तरी अमेरिकेतले लायगो असेच काही तास आंधळे होतात. रोजची बारीक थरथर मात्र त्याला चालत नाही. पण हे उत्तर यंत्राचं झालं. मातीच्या घरात झोपणाऱ्याला 4.5 चा धक्का आउटेज म्हणून सोडून देता येत नाही, आणि बांधकामाच्या आराखड्याइतकीच त्या घरांचीही तपासणी व्हायला हवी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

रात्री जेवताना मामांनी विचारलं, "ते मशीन आलं की ट्रॅक्टर चालवू देतील नव्हं?" मी सांगितलं, की अमेरिकेतल्या लुइझियानाच्या लायगोच्या आजूबाजूला जंगलतोड चालते, रेल्वे जाते, त्याचा त्रास होतो आणि ते लोक त्याच्याशी जुळवून घेत यंत्रच सुधारत राहतात. मामांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे इथं कारखाना काय येत नाही आता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका जिल्ह्याला शंभर वर्षं काही दिलं नाही, आणि आता सांगायचं की तुमच्याकडे काही नाही हेच फार मौल्यवान आहे, तसंच राहू द्या. वेधशाळा आली की रस्ते, वीज, हॉटेलं येतील, लोकांना कामं मिळतील, ते मला हवंच आहे. त्याबरोबर औंढ्याच्या चौकात हायमास्ट दिवेही येतील आणि अगस्तीच्या खालचे बारके तारे जातील. दिव्याला वरून झाकण घालून प्रकाश फक्त जमिनीवर पाडणं हे महाग काम नाही, पेंचमध्ये आजूबाजूच्या गावांत दिवे बदलूनच तो दर्जा मिळाला. हिंगोलीत हे आताच करता येईल, अजून दिवे लागायचेत म्हणून. पुण्यात आता शक्य नाही.

मामांचा धाकटा मुलगा अकरावीला आहे, तो पहाटे आमच्याबरोबर आला होता. लायगोत नोकरीला काय शिकावं लागतं, असं विचारत होता. मी फिजिक्स म्हटलं. व्हॅक्यूम, लेझर, इलेक्ट्रॉनिक्स, कोडिंग, सगळंच लागेल म्हटलं. मग त्याने आयुकाची वेबसाइट त्याच्या मोबाइलवर उघडायचा प्रयत्न केला. टेकडीवर रेंज नव्हती.

कुणाला जायचं असेल तर: नोव्हेंबर ते मार्च, अमावास्येच्या आगेमागे. परभणीपर्यंत रेल्वे, पुढे एसटी किंवा गाडी. टेकडीवर जाण्याआधी गावात विचारा, आपण काय करणार ते सांगा, नाहीतर रात्री माळावर टॉर्च घेऊन फिरणारी अनोळखी पोरं बघून कुणीही घाबरेल. दुधाळ्याच्या प्रकल्पाच्या जागेत घुसू नका. टॉर्चला लाल जिलेटिन लावा. हळदीच्या दिवसांत गेलात तर शेतातून चालताना वाळत घातलेल्या हळदीवर पाय देऊ नका, मामा लोक रागावतात.